विनापरवाना नभोवाणी केंद्र : लहरी, कायदा आणि लोकांचा आवाज

बिहार राज्याच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचे एक खेडे आहे. तेथे रेडिओ-दुरुस्तीचे लहानसे दुकान चालविणाऱ्या एका तरुणाने २००३ च्या सुमारास स्वतःचे नभोवाणी केंद्र सुरू केले. भांडवल म्हणावे असे त्याच्याजवळ काही नव्हते. परंतु बिघडलेले रेडिओ उघडून पाहता पाहता प्रक्षेपणाचे मर्म त्यास उमगले होते. थोडक्या रुपयांच्या सुट्या भागांतून त्याने प्रेषक बांधला. शेजारच्या तीन मजली रुग्णालयावर बांबू उभारून त्याच्या टोकास आकाशक, म्हणजे व्यवहारात आपण ज्यास अँटेना म्हणतो तो, बसविला आणि दुकानापासून तेथवर तार नेली. आसपासच्या गावांतील लोक आपल्या साध्या रेडिओवर चित्रपटगीते, गावातल्या बातम्या, हरवलेल्या मुलांविषयीच्या सूचना, तसेच पोलिओ व एड्स यांसंबंधीची माहिती ऐकू लागले. मार्च २००६ मध्ये, परवाना नसल्याच्या कारणावरून, सरकारने हे केंद्र बंद केले. असा परवाना घ्यावा लागतो हे त्या तरुणास माहीतही नव्हते.

या घटनेविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे हा गरिबाच्या बुद्धीवर आणि गावाच्या आवाजावर झालेला अन्याय होय. दुसऱ्या मताप्रमाणे कायदा सर्वांस सारखाच असतो, आणि तो मोडणाऱ्यास शासनाने थांबविलेच पाहिजे. यांपैकी कोणते मत कितपत ग्राह्य आहे, हे ठरविण्यापूर्वी एक गोष्ट जाणून घेणे अवश्य आहे. ती ही की, बोलण्यासाठी किंवा छापण्यासाठी परवाना लागत नसताना रेडिओवरून बोलण्यासाठीच तो का लागावा? या प्रश्नाचे उत्तर प्रथम पदार्थविज्ञानात शोधावे लागते. कायद्याचा विचार त्यानंतरचा.

लहर कशी निर्माण होते

तारेचे वेटोळे आणि विद्युत् साठविणारा धारित्र ही दोन्ही एकत्र जोडली, म्हणजे त्या मंडलात विद्युत् झोपाळ्याप्रमाणे मागे-पुढे आंदोलने करू शकते. ही आंदोलने थांबू नयेत म्हणून ट्रॅन्झिस्टर त्यांना प्रत्येक फेरीस हलकासा धक्का देत राहतो. अशा मंडलास आंदोलक म्हणतात. दर सेकंदास जितकी आंदोलने होतात तितकी त्याची कंप्रता. ती हर्ट्झ या एककात मोजतात, आणि दहा लक्ष हर्ट्झ म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आंदोलकातील विद्युत् आकाशकाकडे नेली की तिच्यापासून विद्युत्-चुंबकीय लहरी निघतात आणि सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर या वेगाने चहूकडे पसरतात.

वेगास कंप्रतेने भागले असता लहरीची लांबी मिळते. १०० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी ३ मीटर भरते. आकाशक सामान्यतः तरंगलांबीच्या निम्म्याने किंवा चतुर्थांशाने असतो. म्हणजे या लहरींसाठी दीड मीटर किंवा त्याहूनही आखूड कांब पुरते. मन्सूरपूरचे केंद्र एका बांबूवर का भागू शकले, याचे एक कारण हे आहे.

मात्र नुसती लहर म्हणजे कोरा कागद होय. तिच्यावर ध्वनी 'लिहावा' लागतो. ध्वनीच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीअधिक करण्याच्या पद्धतीस आपण 'ए. एम.' या संक्षिप्त नावाने ओळखतो. उंची कायम ठेवून कंप्रतेतच किंचित फेरफार करण्याची पद्धत ती 'एफ. एम.' होय. दुसऱ्या पद्धतीत विजेच्या कडकडाटासारख्या गोंगाटाचा उपसर्ग कमी होतो व ध्वनी स्वच्छ ऐकू येतो.

एफ. एम. लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून त्यांची पोच आकाशकाच्या उंचीवर पुष्कळच अवलंबून असते. सपाट प्रदेशात त्यांचे क्षितिज किती किलोमीटरांवर आहे हे काढण्यासाठी आकाशकाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्यास ४.१ ने गुणावे. आकाशक ९ मीटर उंचीवर असेल तर हे अंतर सुमारे १२ किलोमीटर येते; तो १६ मीटरांवर नेला तर १६ किलोमीटरांहून थोडे अधिक. प्रेषकाची शक्ती तेथवर पुरली पाहिजे हे खरे. परंतु केवळ शक्ती वाढविल्याने क्षितिज पुढे सरकत नाही, आकाशक उंच नेल्याने मात्र सरकते. तळमजल्यावरील दुकान सोडून तीन मजली इमारत शोधण्यात मन्सूरपूरच्या तरुणाने हेच तत्त्व उपयोगात आणले होते.

एकाच वाटेवर दोन लहरी

आता अडचणीकडे वळू. एका गावात दोन छापखाने असले तर एकाच्या छपाईमुळे दुसऱ्याची अक्षरे पुसली जात नाहीत. लहरींचे तसे नाही. दोन ए. एम. केंद्रांच्या कंप्रतांत केवळ एक हजार हर्ट्झचे अंतर असेल, तर रेडिओमधून त्या फरकाइतक्या कंप्रतेची अखंड शिटी ऐकू येते आणि दोन्ही कार्यक्रम निरुपयोगी होतात. एफ. एम. मध्ये निराळाच प्रकार घडतो : ज्या केंद्राची लहर त्या जागी अधिक प्रबळ, तेच ऐकू येते व दुसरे जणू नाहीसे होते. म्हणून दूरच्या मोठ्या केंद्रास जवळचा लहानसा प्रेषक त्या मोहल्ल्यापुरता गिळून टाकू शकतो. ऐकणाऱ्यास मात्र काय झाले याचा पत्ताही लागत नाही.

याहून गंभीर अडचण दृष्टीआड असते. प्रेषक आपल्या ठरीव कंप्रतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट अशा कंप्रतांच्या दुर्बळ लहरीही बाहेर टाकतो. चांगल्या प्रेषकात त्या अडविण्यासाठी गाळणीसारखी मंडले असतात. घरगुती प्रेषकात बहुधा नसतात. शिवाय स्फटिकाचा आधार नसलेला आंदोलक तापला म्हणजे त्याची कंप्रता आपोआप सरकते. सकाळी जेथे केंद्र होते तेथे ते दुपारी राहत नाही.

दोन प्रबळ लहरी एखाद्या सदोष मंडलात एकत्र आल्या तर तिसऱ्याच कंप्रतेची लहर जन्मास येते. एक केंद्र १०४ आणि दुसरे ९८ मेगाहर्ट्झवर आहे असे समजा. पहिल्याच्या दुपटीतून दुसरी वजा करा : २०८ वजा ९८ म्हणजे ११०. आता एफ. एम. प्रक्षेपणाचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झपाशी संपतो. आणि तेथूनच वैमानिकांचा पट्टा सुरू होतो. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ या भागात धुक्यात किंवा पावसात उतरणाऱ्या विमानास धावपट्टीची मध्यरेषा दाखविणारे संकेत असतात, आणि ११८ च्या वर वैमानिक व विमानतळ यांचे संभाषण चालते. ११० मेगाहर्ट्झवर उपटलेली आगंतुक लहर कोणत्या ठिकाणी पोचते, हे यावरून ध्यानात येईल. प्रत्येक घरगुती प्रेषकामुळे असा प्रसंग ओढवतो असे मुळीच नाही. परंतु मोजणीची साधने जवळ नसताना तो ओढवणार नाही, अशी हमी त्याचा मालक देऊ शकत नाही.

परवान्याचे मूळ येथे आहे. लहरींचा पट्टा मर्यादित आहे, तो सर्वांस मिळून वापरावयाचा आहे, आणि एकाच्या चुकीचा भार दुसऱ्यावर पडतो.

नियंत्रण नसले तर काय होते

याचा प्रत्यक्ष प्रयोग एकदा अमेरिकेत नकळत होऊन गेला आहे. त्या देशात १९१२ च्या कायद्याने रेडिओ केंद्रांस परवाने देण्याची व्यवस्था केलेली होती. १९२६ साली एका प्रकरणात न्यायालयाने असा निर्णय दिला की, केंद्राने कोणत्या कंप्रतेवर व कोणत्या वेळी प्रक्षेपण करावे याचे बंधन घालण्याचा अधिकार या कायद्याने संबंधित मंत्र्यास दिलेला नाही. जुलै १९२६ पासून फेब्रुवारी १९२७ पर्यंतच्या आठ महिन्यांत सुमारे २०० नवी केंद्रे सुरू झाली. जी ती संस्था आवडेल ती कंप्रता घेई, वाटेल तेवढी शक्ती वाढवी. परिणामी पुष्कळ ठिकाणी शिट्या आणि गोंगाट यांखेरीज काही ऐकू येईना. अखेर २३ फेब्रुवारी १९२७ रोजी नवा कायदा करून नियंत्रक मंडळ नेमावे लागले. नियंत्रणाची मागणी करणाऱ्यांत त्या वेळी श्रोते होते, तसेच केंद्रांचे मालकही होते.

आपल्या देशातील कायदा

भारतातील कायद्याचा उगम मात्र निराळा आहे. मन्सूरपूरचे केंद्र ज्या भारतीय तार अधिनियमाच्या आधारे बंद झाले, तो १८८५ सालचा. हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने रेडिओ-लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे हा कायदा ज्या लहरींवर लागू झाला, त्या लहरींच्या शोधाहूनही तो जुना होता. तारायंत्रासाठी केलेल्या या कायद्यात पुढे बिनतारी यंत्रणेचा समावेश झाला. १९३३ साली भारतीय बिनतारी तार अधिनियम आला. त्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरविले. विनापरवाना प्रेषकासाठी या कायद्यांत तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. साधा रेडिओ ऐकण्यासाठीही आपल्याकडे दीर्घकाळ परवाना-शुल्क भरावे लागे. ते १९८० नंतरच्या काही वर्षांत रद्द झाले.

परकीय सत्तेस प्रेषकाचे भय का वाटत होते, हे मुंबईतील एका प्रसिद्ध घटनेवरून दिसते. ऑगस्ट १९४२ मध्ये, नेते तुरुंगात व वृत्तपत्रांवर निर्बंध अशा वेळी, उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'काँग्रेस रेडिओ' हे गुप्त केंद्र चालविले. उषाबेनांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्याची तरंगलांबी ४२.३४ मीटर अशी घोषित होई. ३०० ला ४२.३४ ने भागले असता कंप्रता ७ मेगाहर्ट्झच्या किंचित वर येते. या लघुलहरी वातावरणाच्या उच्च थरांतील आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो कोस जातात. पोलिसांना माग लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले आणि उषाबेनांस चार वर्षांची शिक्षा झाली.

माग कसा लागतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. तारेच्या वेटोळ्याचा आकाशक फिरवीत गेले असता एका विशिष्ट स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. त्या वेळी वेटोळ्याचे प्रतल लहरीच्या दिशेशी काटकोनात असते. त्यावरून दिशा कळते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा दिशा काढून नकाशावर रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेथे प्रेषक असला पाहिजे. साधने पुष्कळ सुधारली तरी तत्त्व हेच आहे. लपलेला प्रेषक बोलू लागताच आपला पत्ता स्वतःच सांगू लागतो.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली कंप्रतांची वाटणी करणारी बिनतारी नियोजन व समन्वय शाखा स्थापन झाली. परंतु कायदा जुनाच राहिला. त्यात लहरींच्या शिस्तीचा विचार होता, तसाच परकीय राज्यकर्त्यांचा संशयही होता. आणि खेड्यातील लहान केंद्रास परवाना मागता येईल अशी वाट मात्र कोठेच नव्हती.

लहरी कोणाच्या?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर महत्त्वाचा निर्णय दिला. वाद होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, बंगाल क्रिकेट संघटना व केंद्र सरकार यांच्यामधला. न्यायालयाने म्हटले की, लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा वापर सार्वजनिक हितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने नियंत्रित केला पाहिजे. आणि तिच्यावर सरकारची अथवा खाजगी व्यक्तींची, कोणाचीच मक्तेदारी असता कामा नये. या निर्णयातील दोन्ही अंगे सारख्याच महत्त्वाची आहेत : लहरी सर्वांच्या, म्हणूनच नियंत्रण हवे, आणि लहरी सर्वांच्या, म्हणूनच सर्वांस प्रवेश हवा.

पहिले अंग आधीपासून अमलात होते. दुसरे येण्यास वेळ लागला. आजच्या तेलंगणातील पस्तापूर-माचनूर या भागातील दलित स्त्रियांच्या संघटनांनी १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने आपले ध्वनिमुद्रण केंद्र उभे केले. बियाणे, पिके, औषधी वनस्पती, गाणी यांवर त्यांनी कार्यक्रम तयार केले. पण प्रक्षेपणाचा परवाना मिळेना. तेव्हा त्यांनी ध्वनिफिती गावोगावच्या बैठकांत नेऊन ऐकविल्या. असे सुमारे दहा वर्षे चालले. मन्सूरपूरचा तरुण परवान्यावाचून बोलला व बंद पडला. माचनूरच्या स्त्रिया परवान्याची वाट पाहत राहिल्या. दोघांच्याही बाबतीत उणीव एकच होती : नियम होता, पण अर्ज करण्यास जागा नव्हती.

ही जागा हळूहळू निर्माण झाली. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांस लहान केंद्रे चालविण्याची मुभा देण्याचे ठरले, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात 'अण्णा एफ. एम.' सुरू झाले. मन्सूरपूरचे केंद्र बंद झाल्यावर आठ महिन्यांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या लोकसंस्थांसही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागेल असे धोरण मंजूर झाले. माचनूरच्या 'संघम् रेडिओ'ने १५ ऑक्टोबर २००८ रोजी प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' हे केंद्र याच धोरणाखाली उभे राहिले. अशा केंद्रांच्या प्रक्षेपणाची परिणामी शक्ती सामान्यतः १०० वॅट आणि आकाशकाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर ठेवण्यात आली. मागे दिलेला नियम लावल्यास ही मर्यादा कशासाठी हे समजते : गावाचा आवाज गावच्या पंचक्रोशीत पोचावा, पलीकडच्या केंद्रास त्याचा त्रास होऊ नये.

लहान केंद्रामुळे मोठ्यास खरोखर किती त्रास होतो, हेही मोजून पाहता येते. अमेरिकेत बर्कली येथील एका विनापरवाना केंद्राने १९९३ पासून नियंत्रक आयोगाशी वाद घातला. १९९८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ते बंद झाले. पण अशा केंद्रांमागील मागणी ध्यानी घेऊन आयोगाने जानेवारी २००० मध्ये १०० वॅटपर्यंतच्या केंद्रांसाठी परवान्याची नवी श्रेणी निर्माण केली. मोठ्या केंद्रांनी हरकत घेतली, आणि संसदेने त्याच वर्षी लहान केंद्रांवर अधिक अंतर राखण्याचे बंधन घातले; मात्र त्याबरोबर प्रत्यक्ष चाचण्या घेण्यासही सांगितले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचण्यांत, कंप्रतेत ०.६ मेगाहर्ट्झचे अंतर असलेल्या लहान केंद्रांपासून मोठ्यांना लक्षणीय त्रास पोचत नाही, असे आढळले. ते जादा बंधन जानेवारी २०११ मध्ये कायद्याने दूर करण्यात आले. व्यत्ययाची भीती खरी असू शकते किंवा केवळ सबबही असू शकते; कोणती ते ठरविण्याचे साधन मोजमाप हेच होय.

जिज्ञासू विद्यार्थ्याने काय करावे?

सामुदायिक रेडिओचा परवाना संस्थेस मिळतो, एकट्या व्यक्तीस नाही. मन्सूरपूरच्या तरुणास एकट्याने हे दार २००६ नंतरही उघडता आले नसते, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्यास रेडिओचे शास्त्र स्वतःच्या हातांनी शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी हौशी रेडिओचा परवाना आहे. बारा वर्षांवरील व्यक्तीस त्याची परीक्षा देता येते. तीत रेडिओचे तंत्र व नियम या दोन्हींचे ज्ञान तपासले जाते. परवानाधारकास स्वतःचे सांकेतिक नाव मिळते, आणि नेमून दिलेल्या कंप्रतांवर तो जगभरच्या अन्य हौशी मंडळींशी संभाषण करू शकतो. गाणी लावणे किंवा सर्वसाधारण श्रोत्यांसाठी प्रक्षेपण करणे यास मात्र येथे मनाई आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारशी दळणवळण तुटले असता पोर्ट ब्लेअर येथून हौशी चालकांनीच आप्तेष्टांचे निरोप मुख्य भूमीवर पोचविले होते.

१८८५ व १९३३ च्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार अधिनियम संमत केला असून त्याची कलमे २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली. परवान्यावाचून प्रेषक चालविणे पूर्वी गुन्हा होता आणि आजही आहे.

मन्सूरपूरकडे पुन्हा पाहिले असता प्रारंभीची दोन्ही मते अपुरी ठरतात. मोजमाप न केलेला प्रेषक बंद करण्यात शासनाची चूक नव्हती. कारण लहरींस गावाची शीव कळत नाही. परंतु प्रेषक बंद करताना, 'हे असे करू नकोस, त्याऐवजी असा अर्ज कर,' असे त्या तरुणास सांगता येईल अशी सोय शासनाने ठेवली नव्हती, ही चूक होती. कंप्रतांची शिस्त राखणे हे नियंत्रकाचे अर्धे काम आहे; ज्यांच्या मालकीच्या त्या लहरी आहेत त्यांच्यासाठी त्यांत जागा काढून ठेवणे हे उरलेले अर्धे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ९० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी किती? तिच्या निम्म्या लांबीचा आकाशक किती मीटरांचा होईल?

२. सपाट प्रदेशात आकाशकाची उंची २५ मीटर असल्यास त्याचे क्षितिज सुमारे किती किलोमीटरांवर असेल? अंतर दुप्पट करावयाचे झाल्यास उंची किती पट वाढवावी लागेल?

३. १०६ व १०१ मेगाहर्ट्झवरील दोन केंद्रांच्या लहरी सदोष मंडलात एकत्र आल्या तर पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा करून येणारी कंप्रता कोणती? ती कोणाच्या पट्ट्यात मोडते?

४. आपल्या तालुक्यात सामुदायिक रेडिओ केंद्र असल्यास त्याची कंप्रता, आकाशकाची उंची व कार्यक्रमांचे विषय यांची माहिती मिळवा. नसल्यास, असे केंद्र कोणत्या संस्थेने चालवावे आणि त्यावरून काय ऐकवावे, याविषयी वर्गात चर्चा करा.